पाच नंबरची लाइन

दिवा राहू दे तसाच, मोठा लावू नकोस. आणि तो मोबाइल बाजूला ठेव. मी मध्येच थांबलो की लगेच त्यात तोंड खुपसशील, आणि मी मध्ये मध्ये थांबणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

ही पोरगी उद्यापासून रेडिओत कामाला जायला लागणार, म्हणून आज सांगतोय. आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही. ज्याची गोष्ट आहे तो गेल्या महिन्यात गेला, तेव्हा आता हरकत नाही. खरंखोटं मात्र मला विचारायचं नाही. जे मी पाहिलं ते पाहिलं, ऐकलं ते ऐकलं. उरलेलं त्याने मला सांगितलं, आणि त्या माणसाने आयुष्यात एक शब्द जास्तीचा खर्च केला नव्हता.

त्या रात्री तो एका साध्या कामासाठी स्टेशनवर थांबला होता. एक जुनं रेकॉर्डिंग पुसायचं, त्या जागी नवं भरायचं. चहा निवायच्या आत होईल एवढंच काम. निघताना बहिणीला सांगून आला होता, जेवण झाकून ठेव, मी येतोच.

आमचं स्टेशन गाण्यांचं नव्हतं. नुसतं बोलणं. गाणं असलं की माणसाला पाणी प्यायला, शिंकायला, भांडायला सवड मिळते. बोलण्याच्या रेडिओत ती नाही. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत कोणीतरी बोलत राहिलंच पाहिजे, आणि कोण, कशावर, किती वेळ, हे ठरवणारा तो. कार्यक्रम प्रमुख. पाहुणा म्हणायचा, गाडी बंद पडली. निवेदक म्हणायचा, घसा बसला. जाहिरातवाल्याला अजून एक मिनिट हवं असायचं. मालक म्हणायचे, ऐकणारे कमी झालेत, आणि ऐकणारे फोन करून म्हणायचे, तुमचा तो सकाळचा माणूस फार शहाणपणा शिकवतो. हे सगळं एकट्याच्या डोक्यावर. जेवणाचा डबा उघडायचा तो संध्याकाळी, आणि वास घेऊन परत बंद करायचा.

दिवसभर दुसऱ्यांना बोलतं ठेवणारा हा माणूस स्वतः बोलायचा नाही. काचेआडून बोटांनी सांगायचा. बोट गोल फिरवलं की आटपा. तळहात पसरले की ताणा. मूठ मिटली की बंद. आम्ही त्याला मागून मौनीबाबा म्हणायचो, समोर साहेब. मी तिथला यंत्रं बघणारा, वयाने मोठा, म्हणून तो मला दादा म्हणायचा.

त्याची बायको आमच्याकडेच संध्याकाळचा कार्यक्रम करायची. लोक फोन करून आपापली दुखणी सांगायचे आणि त्या ऐकायच्या. ऐकणाऱ्यांच्या त्या ताई, माझ्या वहिनी. त्या कार्यक्रमात फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही, हा नियम त्यांचाच. म्हणायच्या, नाव सांगितलं की माणूस खोटं बोलायला लागतो. आणि नवरा-बायकोचा आणखी एक नियम होता. स्टेशनच्या दारातून आत आलं की त्या त्याला ‘साहेब’ म्हणायच्या, बाहेर पाऊल पडलं की ‘अहो’. मी चिडवायचो, वहिनी, एकदा तरी माइकवर ‘अहो’ म्हणा, बाबा कसा लाजतो बघू. त्या म्हणायच्या, ‘अहो’ घरचं आहे, फुकट वाटायचं नाही.

आता पोरी, एक गोष्ट नीट ऐक, तुला उद्या कामाला येईल. फोनचा एक बोर्ड असतो. आमच्याकडे सहा लाइनी, प्रत्येकीला एक दिवा. दिवा लुकलुकतोय म्हणजे माणूस थांबलाय. स्थिर झाला म्हणजे बोलणं चालू आहे. जो थांबलेला असतो त्याला तिकडे फोनमध्ये आपला कार्यक्रम ऐकू येत राहतो. तो ऐकत असतो आणि वाट बघत असतो.

वहिनी आजारी पडल्या. इस्पितळात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, तीन-चार दिवसांत घरी सोडू. हा सकाळी जायचा, रात्री जायचा, मधला सगळा वेळ स्टेशनवर. वहिनींच्या जागी एक नवखा मुलगा बसवला होता. तो दर वाक्याला अडखळायचा, म्हणून हा स्वतः कंट्रोल रूममध्ये. आत मोबाइल न्यायचा नाही, हा नियम याने घातलेला. बाहेर एक ट्रे होता, सगळे त्यात टाकायचे. यानेही टाकला होता.

इस्पितळातून वहिनींनी त्यावर फोन केला. कोणी उचलला नाही. मग त्यांनी तो नंबर लावला जो त्या रोज संध्याकाळी लोकांना सांगायच्या.

फोन घेणारी मुलगी नवी होती. तिला वहिनींचा आवाज ठाऊक नव्हता, आणि त्या दिवशी तो आवाज आवाजासारखा राहिलाही नसेल. तिने शिकवल्याप्रमाणे विचारलं, विषय काय. तिकडून आलं, “घरचा विषय आहे. साहेबांना द्या.” आता त्या कार्यक्रमाला येणारा प्रत्येक फोन घरच्याच विषयाचा. नाव विचारायचं नाही. तिने काचेतून खूण केली आणि सांगितलं, पाच नंबर, एक बाई आहेत, घरचा विषय.

हा म्हणाला, “थांबव. बातम्यांनंतर घेऊ.”

बातम्या झाल्या. जाहिराती झाल्या. मग पाच नंबर उघडला. मुलगा म्हणाला, बोला, आम्ही ऐकतोय. तिकडे काही नाही. नुसता श्वास… एक. मग तोही नाही. हवेत शांतता पडायला लागली, आणि हवेत शांतता पडू द्यायची नाही हे याच्या हाडात मुरलेलं.

याने मूठ मिटली. लाइन कापली.

बाहेर येऊन ट्रेमधला मोबाइल उचलला तेव्हा त्याला कळलं.

त्या मुलीला त्याने एका शब्दाने बोल लावला नाही. त्यानेच ती जास्त खचली. नोकरी सोडून निघाली होती. याने तिचा कागद फाडून टाकला आणि बोट दाखवलं, जागेवर जा. स्वतः आठवड्याने कामाला लागला. पहिल्यासारखाच. फक्त संध्याकाळी पाच नंबर लुकलुकला की तो आधी घ्यायला लावायचा, कोणीही असो. एकदा तर एका गृहस्थांना शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार सांगायची होती. ती सगळी हवेवर गेली. आम्ही कोणी हसलो नाही.

राहिली ती पेटी, ते जुनं रेकॉर्डिंग जिच्यात होतं ती. प्रत्येक स्टेशनवर असं काहीतरी असतं. हवेत वीस सेकंद शांतता पडली की पेटीला वाटतं आत काहीतरी बिघडलंय, आणि ती आपल्या पोटातलं रेकॉर्डिंग आपोआप लावते. आमच्या पेटीत वहिनींचा आवाज होता. ‘थोडा अडथळा आलाय. कुठे जाऊ नका.’ एवढंच. त्यांच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं कपाटभर होती, पण त्यांत त्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलायच्या. हे एकच असं होतं की ज्यात समोर कोणी नव्हतं. म्हणून ते त्याला आपलं वाटायचं.

वर्ष झाल्यावर मालकांच्या कानावर कोणीतरी घातलं, गेलेल्या बाईचा आवाज हवेत जाणं बरं दिसत नाही. मालकांनी बदलायला सांगितलं. हा आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला. शेवटी मालक म्हणाले, उद्या सकाळपर्यंत झालं नाही तर दुसऱ्या कोणाला सांगतो. ते मात्र त्याला सोसलं नसतं. दुसऱ्याच्या हाताने पुसलं जाणं.

म्हणून तो थांबला.

डिसेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचा दीड वाजून गेला होता. शेवटचा कार्यक्रम संपला होता, हवेवर दिवसभरातल्या गप्पा परत लावलेल्या होत्या. खाली पहारेकरी, वर हा एकटा. मी घरी अंथरुणात, उशाशी रेडिओ बारीक आवाजात. तुमची काकू म्हणायची, माझी सवत मेली झोपतसुद्धा नाही.

पेटीतलं रेकॉर्डिंग असंच ऐकायचं म्हटलं तर सोय नव्हती. पेटी शांततेतच बोलायची. म्हणून पुसण्याआधी त्याने ते केलं जे रेडिओतला माणूस कधी करत नाही. चालू असलेल्या गप्पांचा आवाज हाताने खाली ओढला. हवा रिकामी सोडली.

मी उठून बसलो. मला वाटलं, वीज गेली की काय स्टेशनची. मग वहिनींचा आवाज आला. ‘थोडा अडथळा आलाय. कुठे जाऊ नका.’ आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, ऐकू दे बाबाला. शेवटचं.

गप्पा परत सुरू झाल्या. तिकडे त्याने रेकॉर्डिंग पुसलं. नवं भरलं. सकाळच्या निवेदकाचा आवाज, पुरुषाचा, जाडजूड. लागतंय का ते बघायला पुन्हा हवा रिकामी केली. मी पडल्या पडल्या ऐकत होतो. तो जाड आवाज आला, व्यवस्थित. काम झालं. मी कूस बदलली.

हे इथवर माझ्या कानांनी. पुढचं त्याने सांगितलेलं.

त्याने स्वेटर चढवला. दिवे मालवले. दारात पोहोचला, आणि काळोख्या काचेत त्याला काहीतरी दिसलं. लहानसं. लाल.

पाच नंबर लुकलुकत होता.

रात्रीचा शेवटचा कार्यक्रम संपला की फोनची सगळी यंत्रणा बंद व्हायची. ते बटण मीच रोज बंद करायचो, त्या दिवशीही केलं होतं. बाकीचे पाच दिवे मेलेले. हा एकच. त्याने आधी मला शिव्या दिल्या म्हणे, म्हातारा विसरला वाटतं. मग हात पुढे केला. एक बटण दाबलं असतं तर दिवा विझला असता.

हात तिथेच राहिला.

तो बसला. हेडफोन लावला. लाइन उघडली. लाइन उघडली की दिवा स्थिर व्हायला हवा. झाला नाही. लुकलुकतच राहिला. तो म्हणाला, “बोला.”

काही नाही.

मग त्याने गप्पांचा आवाज पुन्हा खाली ओढला आणि पाच नंबर हवेवर घेतला. मी त्याला नंतर विचारलं, हवेवर कशाला. तो म्हणाला, “दादा, तिला घेतो म्हणालो होतो ना.”

माझ्या उशाशी रेडिओ पुन्हा गप्प झाला. म्हटलं, आता काय राहिलं याचं. सवयीने मोजायला लागलो. वीस झाले. आता पेटी बोलेल. बोलली नाही. परत मोजलं. नाही. परत… नाही.

ती पेटी मी जोडलेली. तिच्या रगारगाची मला माहिती. हवेत शांतता असून पेटी गप्प राहते, असं होत नाही. पेटी गप्प म्हणजे कोणीतरी बोलतंय.

मी आवाज वाढवला. पूर्ण. काही नाही. कान लावला.

काही नाही.

आणि तिकडे तो मीटरकडे बघत होता. आवाज जसा जाईल तसा त्या मीटरचा काटा हलतो. काटा हलत होता. एक लहान उडी. मग थांबणं. मग दोन उड्या. वहिनींना वाक्यातल्या शेवटच्या शब्दाआधी जरा थांबायची सवय होती. त्यांचं बोलणं त्याने कित्येक वर्षं त्या काट्यावर पाहिलं होतं. आवाज न ऐकता तो ओळखू शकायचा.

उडी. थांबणं. दोन उड्या.

ती बोलत होती. आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

त्याने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. सगळी बटणं वर सारली. मग मी ऐकलं, रेडिओवर, त्याचा आवाज. इतक्या वर्षांत तो स्वतः कधी हवेवर बोलला नव्हता.

“ऐकू येत नाहीये… मोठ्याने बोल.”

शांतता.

“मोठ्याने बोल गं.”

शांतता.

“मी कापणार नाही. या वेळी नाही कापणार. तू बोल.”

 काटा खाली आला म्हणे तेव्हा. पूर्ण खाली, निपचित. आता खरी शांतता. मी मोजत नव्हतो, पण आतून कोणीतरी मोजत होतं. वीस झाले, आणि पेटी बोलली.

पेटीत पुरुषाचा आवाज होता. थोड्या वेळापूर्वी मी स्वतः ऐकला होता.

“अहो…”

…

“अहो, बातम्या झाल्या का?”

…

पाणी दे जरा.

तुमची काकू जागी झाली होती. उशीवर डोकं तसंच ठेवून तिने विचारलं, एवढ्या रात्री ही कोण बाई? म्हणजे मला भास झाला असं कोणी म्हणायला नको. काकू आता नाही, नाहीतर तिलाच विचारलं असतंत.

रेडिओवर तो म्हणत होता, “झाल्या. केव्हाच झाल्या. बोल.” परत तेच. “झाल्या गं, बोल.” मी शर्ट अडकवला आणि स्कूटर काढली.

स्टेशनवर पहारेकरी आपलं स्टूल घेऊन रस्त्यावर येऊन बसला होता. मला म्हणाला, मी वर येणार नाही. मी जिना चढलो. तो तसाच बसलेला, मीटरच्या काचेवर दोन्ही तळहात, जसं कोणाचं तोंड धरावं तसं. मला बघून म्हणाला, “बघ, बोलतेय. परत बोलायला लागलीय.”

मी बघितलं. काटा हलत होता. मी या डोळ्यांनी बघितलं.

त्याने हेडफोन काढून माझ्या डोक्यावर घातले. “तुझे कान चांगले आहेत. ऐक आणि मला सांग. एक शब्द सांग. एक.”

मी डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मग खूप लांब, बारीक… विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसं. बाईचा आवाज नव्हता तो. कोणीतरी वाचत होतं. एका सुरात. मी ओळखलं.

बातम्या होत्या. त्या दिवशीच्या. त्या संध्याकाळच्या.

थांबलेल्या माणसाला तिकडे काय ऐकू येतं, ते मघाशी सांगितलं ना. तिकडे बातम्या अजून चालू होत्या. संपतच नव्हत्या.

मी हेडफोन काढले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, “नाही रे. काही नाही.”

पहाटे सकाळचा निवेदक आला. पाचला कार्यक्रम सुरू करायचा होता. त्यासाठी पाच नंबर हवेवरून काढणं भाग होतं. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला अर्धं मिनिट वाढवून दिलं नाही, तो माझा हात धरून म्हणाला, “दादा, सगळ्यांना थोडं थांबव. ती सांगेल. ती सांगायला आलीय.” मी पलीकडच्या छोट्या स्टुडिओतून कार्यक्रम चालू करून दिला आणि ही खोली त्याच्यावर सोडली. लाइन कापली नाही. काचेपलीकडे सकाळचा माणूस हवामान सांगत होता, भाज्यांचे भाव सांगत होता, आणि इकडे हा काट्याला सांगत होता, बोल.

उजाडल्यावर कधीतरी काटा पडला. परत उठला नाही. त्याने हेडफोन गुंडाळून जागेवर ठेवले. मग ट्रेमधून मोबाइल घेतला आणि जिना उतरून गेला. स्टेशनमध्ये त्याने परत पाऊल ठेवलं नाही.

दिवा मात्र लुकलुकतच राहिला.

मी बटण बदललं. तार काढली, दोन्ही टोकांनी, गुंडाळून खणात टाकली. पुढे मालकांनी अख्खा बोर्डच नवा आणला. पहिल्या संध्याकाळी नव्या बोर्डावरही पाच नंबर लुकलुकला. तार नाही, काही नाही. मुलं त्या खोलीत एकटी बसेनात. मग मी त्यावर काळी चिकटपट्टी मारली आणि विषय संपवला.

तो बहिणीकडे राहायचा. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. पहिल्या खेपेला त्याने त्या रात्रीचं सगळं सांगून टाकलं, त्यानंतर नाही. बहीण चहा ठेवायची, म्हणायची, तुम्ही तरी बोलतं करा त्याला. तो खिडकीशी बसलेला असायचा. मला एकच विचारायचा.

“दिवा?”

मी म्हणायचो, “लुकलुकतोय.”

तो मान हलवायचा. झालं आमचं बोलणं. इतकी वर्षं तेवढंच. एकदा मनात आलं, खोटंच सांगावं, विझला म्हणून. पण त्याच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. विझला म्हणजे ती थांबून थांबून गेली, असाच त्याने अर्थ घेतला असता.

गेल्या महिन्यात तो गेला. संध्याकाळी, खुर्चीतच. बहीण म्हणाली, कोणीतरी हाक मारल्यासारखं वर बघितलं आणि मान टेकली. सगळं आटपून मी घरी न येता स्टेशनवर गेलो. का गेलो, माहीत नाही. त्याच्या जागी आता ती फोन घेणारी मुलगीच आहे. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. मोठी साहेबीण झालीय, मोबाइल अजून ट्रेमध्ये टाकते. तिला सांगितलं. ती उठली. जुन्या कंट्रोल रूमचं दार उघडलं. आत काळोख होता. मी दिवा लावायला गेलो तर तिने हात धरला.

पट्टीच्या कडेने लाल उजेड येत होता. तो नेहमीच यायचा.

तिने नखाने पट्टीचा कोपरा सोडवला. हळूहळू ओढून काढली.

पाच नंबर लागलेला होता. आम्ही बघत राहिलो. मी वाट बघत होतो विझण्याची, परत लागण्याची, जसा तो इतकी वर्षं… नाही. हलला नाही. स्थिर होता.

तिने तोंडावर हात ठेवला. मग मला खूण केली, बोटाने, त्याच्यासारखी. आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

बोलणं चालू असलं की तिथे थांबायचं नसतं.